गोठलेल्या पात्राची अख्खी पाळी जावी का?

जुळे सोलापूर (धागाकर्ता)

गेले काही महिने मी फावल्या वेळात मोबाइलवर चालणारा, डावपेचांचा एक छोटा गेम तयार करत आहे. चौकोनांचा पट, दोन्ही बाजूंना चार-चार पात्रे आणि आलटूनपालटून पाळी, असा त्याचा साधा आराखडा आहे. जळणे, विषबाधा आणि चक्कर हे तीन स्टेटस इफेक्ट, म्हणजे पात्राला काही काळ लागणारे दुष्परिणाम, बसवून झाले आहेत. चौथ्यापाशी, म्हणजे फ्रीझपाशी (गोठण्यापाशी), गाडे अडले आहे. आपल्या मंडळींच्या रविवारच्या बैठकीत यावरचा वाद ऐन रंगात आला असताना लाइट गेली आणि विषय अर्धवट राहिला, म्हणून तो इथे सविस्तर मांडतो. जे बैठकीला नव्हते त्यांच्यासाठी प्रश्न असा: एखादे पात्र गोठले की त्याची संपूर्ण पाळी जावी, की त्याची ताकद कमी करून त्याला काही ना काही करण्याची मोकळीक ठेवावी?

माझे मत असे की अख्खी पाळी जाऊ नये. पाळीपाळीने खेळल्या जाणाऱ्या गेममध्ये खेळाडूच्या हाती निर्णयाखेरीज काहीच नसते. तिथे नेमबाजीचे कसब लागत नाही आणि बोटांच्या वेगाचाही प्रश्न येत नाही. जळणाऱ्या पात्राची हेल्थ (उरलेला जीव) घटते, विषबाधा झालेल्याची हळूहळू घटते, पण दोघांनाही आपल्या पाळीत काय करायचे हे ठरवता येते. गोठलेल्याला तेवढेही उरत नाही, आणि खेळणारा माणूस स्वतःच्याच गेमचा प्रेक्षक होऊन बसतो.

पोकेमॉनचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९९६ साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या पिढीच्या गेममध्ये गोठलेला पोकेमॉन आपोआप कधीच मोकळा होत नसे. दोन खेळाडूंच्या सामन्यात औषधही वापरता येत नसल्यामुळे, प्रतिस्पर्ध्यानेच आगीचा मारा केला किंवा हेझ ही खेळी वापरली तरच सुटका होई, आणि शहाणा प्रतिस्पर्धी अर्थातच तसे काही करत नसे. दुसऱ्या पिढीत दर पाळीला सुमारे १० टक्के आणि तिसऱ्या पिढीपासून २० टक्के अशी सुटकेची शक्यता ठेवण्यात आली. वीस टक्के ऐकायला बरे वाटते, पण हिशेब केला तर सरासरी चार पाळ्या फुकट जातात, आणि पाच पाळ्यांनंतरही गोठलेलेच राहण्याची शक्यता जवळजवळ ३३ टक्के उरते. तेवढ्या वेळात सामना संपतो.

याउलट २०२३ च्या ‘फायर एम्ब्लेम एंगेज’मध्ये फ्रीझ नावाची जी काठी आहे, ती शत्रूला एका पाळीपुरती जागेवरून हलू देत नाही, मात्र आवाक्यात कोणी आले तर तो हल्ला करू शकतो. हा मला फ्रीझचा खरा सुसंस्कृत अवतार वाटतो. पाय गोठले, हात मोकळे राहिले, आणि दोन्ही बाजूंना विचार करण्यासारखे काही उरले. माझ्या गेममध्ये असेच काही ठेवण्याचा विचार आहे. विरोधी मते जरूर यावीत. ती उदाहरणांसह आली तर अधिक बरे.

होटगी रोड

धागाकर्त्यांशी पूर्णपणे असहमत आहे, आणि रविवारी जे म्हणालो तेच इथे सविस्तर म्हणतो.

कोणत्याही स्टेटस इफेक्टचे वजन तो लागल्यावर काय होते यापेक्षा, तो लागेल या धास्तीने खेळाडू आधीपासून काय करतो यावर ठरते. पोकेमॉनमध्ये समोर बर्फाचा मारा करणारा प्रतिस्पर्धी दिसला की जाणकार खेळाडू स्काल्ड किंवा फ्लेअर ब्लिट्झ यांसारखी, वापरताक्षणी स्वतःचाच बर्फ वितळवणारी खेळी जवळ बाळगतो, ऊन पाडून ठेवतो, कारण कडक उन्हात तिथे कोणी गोठत नाही, किंवा बर्फ प्रकारचा पोकेमॉन पुढे करतो, कारण तो गोठतच नाही. हे सगळे निर्णयच आहेत. ते पाळी जाण्याच्या आधी घेतले जातात, म्हणून धागाकर्त्यांच्या हिशेबात धरले गेलेले नाहीत, एवढेच.

फ्रीझ सौम्य केला की काय होते, याचा प्रयोगही होऊन गेला आहे. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या ‘पोकेमॉन लेजेंड्स: आर्सेउस’मध्ये फ्रीझ काढून त्याच्या जागी फ्रॉस्टबाइट आणला गेला. त्यात दर पाळीला थोडी हेल्थ जाते आणि स्पेशल, म्हणजे शारीरिक नसलेल्या, हल्ल्यांची ताकद निम्मी होते. आता जळण्याचा परिणाम आठवा: दर पाळीला थोडी हेल्थ जाते आणि शारीरिक हल्ल्यांची ताकद निम्मी होते. म्हणजे आग आणि बर्फ ही जुळी भावंडे झाली, फक्त कपड्यांचा रंग वेगळा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायलेट’मध्ये जुना फ्रीझ परत आला. बनवणाऱ्यांनी तो का परत आणला याचे कारण मी सांगू शकत नाही, पण खेळताना मला त्या परतण्याचा आनंद झाला हे निश्चित.

फायर एम्ब्लेमची काठी मलाही आवडते. पण तिला फ्रीझ म्हणण्यापेक्षा बेडी म्हटलेले बरे. बर्फात अडकलेला माणूस तलवार चालवतो, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहावे.

नवी पेठ

दोन्ही प्रतिसाद वाचले. वाद चुकीच्या जागी चालला आहे असे मला वाटते. पाळी जाते हा पोकेमॉनच्या फ्रीझमधला दोष नाही. तिथे फ्रीझ कोणीच ठरवून करत नाही, हा दोष आहे.

थोडे बारकाईने पाहा. समोरच्याला झोपवण्यासाठी, भाजण्यासाठी, विषबाधेसाठी आणि लकव्यासाठी त्या गेममध्ये खास त्याच कामाच्या खेळ्या आहेत. फ्रीझसाठी अशी एकही खेळी नाही. आइस बीमने मारा केला की १० टक्के वेळा समोरचा गोठतो, म्हणजे ती माराच करण्याची खेळी आहे आणि फ्रीझ हा तिच्यासोबत आलेला वरकड लाभ आहे. तीनदा मारा केला तर किमान एकदा गोठण्याची शक्यता २७ टक्के होते. ज्याने गोठवले त्याने ते योजले नव्हते, जो गोठला त्याला ते टाळता आले नसते, आणि सुटका कधी होईल हे दोघांनाही ठाऊक नाही. झोपेला निदान १ ते ३ पाळ्यांची मर्यादा आहे. फ्रीझला वरची मर्यादाच नाही. होटगी रोड ज्या तयारीचे कौतुक करतात, ती सहा पोकेमॉनच्या संघात, प्रत्येकाला चारच खेळ्या असताना, दहा टक्क्यांच्या भीतीपोटी कोणीही करत नाही. स्काल्ड लोक जवळ बाळगत ते त्याने समोरचा भाजतो म्हणून. ऑनलाइन सामन्यांत एका वेळी प्रतिस्पर्ध्याचा एकच पोकेमॉन गोठवता येईल असा ‘फ्रीझ क्लॉज’ खेळाडूंनी स्वतःहून लावून घेतला, यातच त्या धास्तीची खरी किंमत कळते.

आता याच्या अगदी उलट टोकाचा गेम घ्या. २०१८ चा ‘इन्टू द ब्रीच’ आपल्यापैकी अनेकांनी नेटफ्लिक्सच्या अ‍ॅपमधून फोनवर खेळला आहे. आठ बाय आठ चौकोनांचा पट, आपले तीन मेक (महाकाय लढाऊ यंत्रे), आणि जमिनीतून वर येणारे वेक नावाचे किडे. प्रत्येक किडा पुढच्या पाळीत कुठे हल्ला करणार हे आधीच दाखवलेले असते, त्यामुळे नशिबाला जवळजवळ जागाच नाही. तिथला फ्रीझ अख्खी पाळी खातो. गोठलेला किडा हल्ला करत नाही, बर्फ फुटेपर्यंत तसाच राहतो. पण कोणताही मारा बसला की बर्फ फुटतो आणि आतल्याला त्या माऱ्याची इजा होत नाही. म्हणजे शत्रूला गोठवणे ही त्याला दिलेली ढालही आहे. इमारतही गोठवता येते. तिच्यावर येणारा हल्ला बर्फावर निभावतो आणि इमारत शाबूत राहते.

यातली खरी मेख ‘फ्रोझन टायटन्स’ या संघातील आइस मेकच्या क्रायो-लाँचरमध्ये आहे. ते शस्त्र ज्याच्यावर डागावे तो गोठतो आणि डागणाराही गोठतो. मागच्या एका बैठकीत मी हा संघ घेऊन खेळत होते. उजवीकडचा किडा इमारतीवर उठला होता, म्हणून आइस मेकने त्याला गोठवले आणि स्वतःही बर्फात गेला. पुढच्या पाळीला माझ्या हाती दोनच मेक उरणार होते. मात्र याच संघातल्या मिरर मेकची तोफ पुढे आणि मागे एकाच वेळी डागली जाते. त्याला मी आइस मेक आणि दुसरा एक किडा यांच्या मधल्या ओळीत असा आणून उभा केला की पुढचा गोळा त्या किड्याला लागला आणि मागचा गोळा आपल्याच गोठलेल्या मेकवर जाऊन बर्फ तेवढा फुटला, हेल्थ जशीच्या तशी राहिली. एका गोळीबारात शत्रूला मारा आणि मित्राची सुटका. इथे पाळी पूर्ण जात होती, तरीही त्या डावातला सर्वांत चांगला विचार मला त्या गेलेल्या पाळीनेच करायला लावला.

म्हणून धागाकर्त्यांना माझे सांगणे असे की पाळी खुशाल घ्या. टक्केवारी काढून टाका, बर्फ कसा फुटतो हे सर्वांना दिसू द्या, आणि गोठवणाऱ्यालाही काही मोजावे लागू द्या.

विजापूर रोड

एक मुद्दा सगळेच विसरत आहेत. फ्रीझ खेळाडूवर चालतो, साध्या शत्रूवर चालतो, आणि जिथे त्याची खरी गरज असते त्या बॉसवर, म्हणजे सर्वांत बलाढ्य शत्रूवर, मात्र चालत नाही. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्ये पाणी आणि हिम यांच्या संयोगाने छोटे शत्रू झटकन गोठतात, मोठे बॉस त्यातून मुक्त असतात. ‘डायाब्लो २’मध्येही बॉस फार तर मंदावतो, गोठत नाही. म्हणजे ज्या शत्रूला तसेही दोन फटक्यांत मारता आले असते त्याच्यासाठी हा सगळा थाट.

याचे कारण उघड आहे. अख्खी पाळी किंवा सगळी हालचाल बंद करणारा परिणाम बॉसवर चालू दिला तर बॉसची लढाईच उरत नाही, म्हणून बनवणारे त्याला सरसकट सूट देतात. त्यावर उपाय एकच: परिणाम थेट न लावता साठत न्यायचा. ‘एल्डन रिंग’मधला फ्रॉस्टबाइट पाहा. हिमाचे फटके बसत गेले की पट्टी भरते, ती भरली की एकदम मोठी इजा होते, पुढे काही काळ प्रत्येक फटका जास्त लागतो आणि दमसासही उशिरा भरून येतो. आगीचा फटका दिला की तो परिणाम निघून जातो आणि पट्टी पुन्हा पहिल्यापासून भरता येते, त्यामुळे हिम आणि आग आलटूनपालटून वापरणारे खेळाडू आहेत. हे बहुतेक बॉसवरही चालते, कारण त्यात कोणी पुतळा होत नाही. ‘डायाब्लो ४’नेही मार्ग काढला आहे: बॉसवर गारठ्याचे घाव वाया जात नाहीत, ते त्याच्या स्टॅगर पट्टीत जमा होतात आणि पट्टी भरली की तो काही क्षण कोलमडतो. २०२४ च्या अखेरीस अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच, खेळायला आलेल्या ‘पाथ ऑफ एक्झाइल २’मध्येही फ्रीझ असाच साठत जातो. दिशा कोणती आहे हे यावरून कळावे.

होटगी रोड

दिशा कळते, आणि म्हणूनच चिंता वाटते. रक्तस्रावाची पट्टी, विषाची पट्टी, झोपेची पट्टी, हिमाची पट्टी. सगळ्या एकाच वेगाने भरायच्या आणि भरल्या की आकडा उडायचा. ही पट्ट्या भरण्याची कारकुनी आहे. चार परिणामांची चार नावे ठेवायची आणि काम एकच द्यायचे, यात फ्रीझचे फ्रीझपण कुठे राहिले?

विजापूर रोड यांनी ‘डायाब्लो २’चे नाव काढलेच आहे तर त्यातली दुसरी गोष्टही सांगायला हवी होती. गोठलेल्या अवस्थेत मेलेला राक्षस बहुतेकदा फुटून जातो आणि त्याचे प्रेत उरत नाही. हा निव्वळ देखावा नाही. फॉलन नावाच्या मेलेल्या छोट्या राक्षसांना पुन्हा उठवणारा शामन हा मांत्रिक त्यांचे तुकडे झाल्यावर हात चोळत राहतो. निहलाथाक हा बॉस तर प्रेतांचेच स्फोट करून खेळाडूला मारतो. त्याच्या दालनात जाताना हिमाचे शस्त्र नेणारे लोक त्याची निम्मी ताकद दारातच काढून घेतात. दुसऱ्या बाजूला, सोबत प्रेतांवर जादू चालवणारा नेक्रोमॅन्सर खेळत असेल तर त्यालाही प्रेते मिळेनाशी होतात आणि तो वैतागतो. एका गोठवण्यातून अशी साखळी तयार होते. २००० सालच्या गेममध्ये आणि २००१ च्या त्याच्या जोडभागात हे होते, आणि आज आपण हेल्थ किती टक्के जावी यावर वाद घालत आहोत.

बॉसबद्दल म्हणायचे तर परग्रहवासीयांशी लढण्याच्या ‘एक्सकॉम २’चा ‘एलियन हंटर्स’ हा जोडभाग पाहावा. त्यातले तीन परग्रही सरदार मूळ स्वरूपात इतके निर्दय होते की आपल्या सैनिकाच्या प्रत्येक कृतीनंतर त्यांना एक हालचाल मिळे. आणि त्यांच्यावर फ्रॉस्ट बॉम्ब चालतो. मोहिमेत तो एकदाच टाकता येतो आणि सरदार मोजक्या हालचालींपुरताच गोठतो, पण तेवढ्या वेळात आपल्या सैनिकांना मोकळेपणी गोळ्या झाडता येतात. उलट त्या सरदारांपैकी व्हायपर किंग आपल्या सैनिकांना गोठवतो, म्हणजे हिशेब दोन्हीकडून सारखा. बॉसवर फ्रीझ चालू दिला की लढाई मोडते हे म्हणणे खरे नाही. तो किती वेळा वापरता येतो हे बांधले की पुरे.

सात रस्ता

लहानपणी आपण सर्वांनी शाळेच्या मैदानावर विष-अमृत खेळलेले आहे. ज्याच्यावर राज्य आहे त्याने विष दिले की जागच्या जागी थिजायचे, आणि आपल्यापैकी कोणी येऊन अमृत देईपर्यंत हलायचे नाही. त्या खेळातही अख्खी पाळी जातेच, किंबहुना बराच वेळ जातो, पण थिजलेल्या मुलाला आपण खेळाबाहेर गेलो असे वाटत नाही, कारण त्याच्यासाठी बाकीचे धावत असतात आणि त्याचे तोंड तर चालूच असते. एकट्याएकट्यात मात्र विष-अमृत खेळताच येत नाही.

धागाकर्त्यांनी पोकेमॉन आणि स्वतःचा गेम एकाच मापाने मोजले आहेत, ते मला पटले नाही. पोकेमॉनच्या नेहमीच्या सामन्यात मैदानावर आपला एकच जण असतो. तो गोठला की फार तर त्याला माघारी बोलावता येते. धागाकर्त्यांच्या पटावर चार पात्रे आहेत. एक गोठला तर तीन उरतात, आणि त्या तिघांपुढे नवा प्रश्न येतो: गोठलेल्याला सोडवायचे, त्याच्या भोवती उभे राहायचे, की त्याला तसाच ठेवून पुढे सरकायचे? एका पात्राचा निर्णय गेला आणि तिघांना एकेक निर्णय मिळाला, हा घाट्याचा सौदा नाही.

लारियन या कंपनीच्या ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २’मध्ये (२०१७) ही गोष्ट फार छान जमली आहे, आणि एका ठिकाणी तितकीच फसलीही आहे. जमलेली बाजू अशी की तिथे बर्फ पात्राला लागतो तसा जमिनीलाही लागतो. भिजलेल्या पात्राला गारठा लागला की ते गोठते; जमिनीवरचे पाणी गोठले की त्यावरून चालणारा घसरून पडतो, मग तो शत्रू असो वा आपला. यावर उपाय म्हणून बुटांना खिळे ठोकून घेता येतात. सामानातले खिळे आणि बूट एकत्र केले की ते पात्र पुढे बर्फावर घसरत नाही. पहिल्या बेटावर पडलेले खिळे नव्या खेळाडूला कचरा वाटतात आणि तो ते विकून टाकतो. ज्याने एकदा दुर्गम कड्यावर चारही जणांना आडवे पडलेले पाहिले आहे तो मात्र पुढच्या खेपेला एकेक खिळा वेचतो.

फसलेली बाजू चिलखताची. मॅजिक आर्मर (जादूपासून वाचवणारे चिलखत) शिल्लक असेपर्यंत फ्रीझ लागतच नाही, आणि तो संपला की हमखास लागतो. त्यामुळे दोघे तलवारीने फिजिकल आर्मर कापत बसले आणि दोघे जादूने मॅजिक आर्मर, तर कोणाचेच काम लवकर होत नाही, आणि अनुभवी लोक सगळा संघ एकाच प्रकारचा बांधतात. २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये ती पद्धत नाही. तिथे भिजलेल्याला हिमाची आणि विजेची इजा दुप्पट होते, त्यामुळे आधी पाणी ओतणारा आणि मग हिमकिरण सोडणारा अशी जोडी आपोआप जमते.

अशोक चौक

वरचे सगळे प्रतिसाद अशा लोकांचे आहेत ज्यांनी या प्रकारचे गेम वर्षानुवर्षे खेळले आहेत. धागाकर्त्यांचा गेम मोबाइलसाठी आहे. तो रिक्षाची वाट पाहताना, दुकानात गिऱ्हाईक नसताना खेळला जाणार आहे. अशा खेळाडूला पहिल्याच लढाईत तीन पाळ्या निळ्या पुतळ्याकडे पाहत बसवले तर तो निहलाथाकपर्यंत कशाला थांबेल? माझा धाकटा भाऊ असा एक गेम फ्रीझच्या दुसऱ्या तडाख्यालाच काढून टाकून मोकळा झाला.

मधला मार्ग आहे आणि तो ‘होनकाई: स्टार रेल’ने दाखवला आहे. तिथे गोठलेल्याची पाळी जाते, पण ती गेल्यावर त्याची पुढची पाळी निम्मी पुढे ओढली जाते, म्हणजे नेहमीच्या निम्म्या वेळात येते. नुकसान होते, शिक्षा होत नाही. धागाकर्त्यांनी याचा विचार करावा.

होटगी रोड

अशोक चौक यांच्या भावाबद्दल आदर आहे, पण गेम काढून टाकणाऱ्याच्या सोयीने नियम लिहायला लागलो तर बुद्धिबळातून वजीर काढावा लागेल. पुढची पाळी निम्मी ओढणे हे मला रकमेवर सूट दिल्यासारखे वाटते: एका हाताने घ्यायचे, दुसऱ्याने परत करायचे. शिवाय चौकोनी पटावर, जिथे दोन्ही बाजूंच्या पाळ्या एकगठ्ठा होतात, तिथे निम्मी पाळी पुढे ओढायची कशी? स्टार रेलमध्ये प्रत्येक पात्राच्या वेगानुसार क्रम लागतो म्हणून ते शक्य आहे.

जुळे सोलापूर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. माझा मूळ आक्षेप अजून कायम आहे, मात्र तो कुठे लागू होतो हे सात रस्ता आणि नवी पेठ यांच्या प्रतिसादांमुळे नेमके सांगता येते. ज्या पाळीत गोठलेल्याच्या बाजूने कोणालाच काही करता येत नाही, ती पाळी मला मान्य नाही. चार पात्रांपैकी तीन मोकळी असतील तर अख्खी पाळी जाण्याला माझी हरकत नाही.

त्यानुसार पुढचा आराखडा असा. फ्रीझ नशिबावर लागणार नाही. ज्या कृतीने तो लागतो तिच्यावर तसे स्पष्ट लिहिलेले असेल. गोठलेले पात्र एक पूर्ण पाळी गमावेल. त्याच्यावर कोणाचाही मारा बसला तर बर्फ फुटेल आणि त्या माऱ्याची इजा होणार नाही, म्हणजे मित्राला आपली कृती खर्चून सोडवता येईल, आणि शत्रूवर सगळ्यांनी मिळून तुटून पडायचे असेल तर पहिला फटका वाया घालवावा लागेल. गोठवणाऱ्या पात्राला त्यानंतर एक पाळी जागेवरून हलता येणार नाही. विजापूर रोड यांची पट्टी मी घेत नाही, कारण एका नकाशावरची लढाई सहा-सात पाळ्यांत संपते आणि पट्टी भरेपर्यंत निकाल लागलेला असेल. बॉसला सूट नाही.

एक अपवाद मात्र ठेवतो आहे: एखाद्या बाजूचे शेवटचे एकच पात्र उरले असेल तर ते गोठणार नाही, फक्त मंदावेल.

नवी पेठ

आराखडा बराचसा पटला, पण एक मोठे भोक राहिले आहे. संघात गोठवणारी दोन पात्रे घेतली आणि त्यांनी आलटूनपालटून एकाच शत्रूला गोठवत ठेवले तर तो शत्रू शेवटपर्यंत बर्फातच राहील. गोठवणारा एक पाळी हलू शकत नाही हे खरे, पण लांबून डागणाऱ्याला हलायचे असतेच कुठे? बॉसला सूट नाही म्हणता, तर पहिल्याच दिवशी कोणीतरी बॉसला असा कायमचा डांबून ठेवील आणि बाकी दोघे सगळी प्यादी निवांत मारतील. बर्फातून सुटलेल्याला पुढची एक पूर्ण पाळी पुन्हा गोठवता येऊ नये, अशी अट हवी, आणि ती दोन्ही बाजूंना सारखी हवी.

विजापूर रोड

नवी पेठ यांच्या अटीला अनुमोदन, आणि त्यात थोडी भर. ‘डार्केस्ट डंजन’मध्ये एकदा सुन्न केलेल्याचा सुन्न होण्याविरुद्धचा प्रतिकार काही काळ वाढतो, त्यामुळे तेच ते लागोपाठ करणे अवघड होत जाते. तिथे ते टक्क्यांत आहे, इथे टक्के नको असतील तर पूर्ण बंदीच योग्य. माझी पट्टी नाकारली गेली याचा राग नाही. पण बॉसला सूट नसेल तर त्याला एका फेरीत दोन पाळ्या द्या, म्हणजे एक गोठली तरी दुसरी उरेल. तेवढे तरी करावे.

होटगी रोड

बाकी सगळे मान्य, शेवटच्या पात्राचा अपवाद मान्य नाही. शेवटचे पात्र उरले आहे याचा अर्थ त्या खेळाडूने आधीच्या पाच पाळ्यांत तीन पात्रे गमावली आहेत. त्याला तिथे कवच मिळणार असेल, तर हुशार खेळाडू तीन दुबळी पात्रे मुद्दाम बळी देऊन एकच बलाढ्य पात्र राखण्याचा डाव रचेल, कारण फ्रीझची भीती फक्त चौघांच्या संघाला आणि एकट्याला ती नाही, असा उफराटा नियम तयार होतो. आणि समोरच्याने गोठवणारे पात्र शेवटच्या क्षणासाठी जपून ठेवले असेल, तर त्याच्या त्या संयमाला काय फळ?

जुळे सोलापूर (धागाकर्ता)

सुटल्यावर एक पाळी बंदी आणि बॉसला दोन पाळ्या, हे दोन्ही घेतले. मुद्दाम बळी देण्याची शक्यता खरी आहे, पण चाचणीत तसे कोणी खेळले तरच अपवाद काढीन. तोवर, एकट्याने पुतळा होऊन हरण्यापेक्षा मंदावून हरणे खेळाडूला अधिक सोसवेल असे मी धरून चालतो. तिसऱ्या नकाशाची फाइल रविवारपर्यंत तयार होईल. होटगी रोड यांनी तीन दुबळ्यांचा तो संघ स्वतःच बांधून आणावा.

होटगी रोड

आणतो. त्या संघात गोठवणारा एकही नसेल, आणि पहिले पात्र दुसऱ्याच पाळीला बळी जाईल.